नंबर तोच, भाग वेगळा

मोटारीत किल्ली फिरवताना हाताला जो ‘टक्’ जाणवतो, तो स्विचच्या आतल्या एका छोट्या खुंटीमुळे. खुंटीखाली स्प्रिंग असते. किल्ली फिरली की खुंटी खाचेत बसते आणि किल्ली ‘रन’वर टिकून राहते. जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेट कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या गाड्यांत ही खुंटी आखूड होती आणि स्प्रिंगही नरम होती. किल्ली फिरवायला किमान १५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागावा, असं कंपनीच्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं होतं. चाचणीत जोर त्याहून कमी भरला, तरी २००२ मध्ये स्विच मंजूर झाला. मग रस्त्यावर जे व्हायचं ते झालं. किल्ल्यांचा जुडगा जड असला, चालकाचा गुडघा लागला किंवा चाक खड्ड्यात आपटलं, की किल्ली ‘रन’वरून मागे सरकायची. धावती गाडी बंद पडायची, स्टीअरिंग दगडासारखं जड व्हायचं आणि पुढच्याच क्षणी धडक बसली तर एअरबॅगही उघडायच्या नाहीत, कारण गाडीच्या लेखी ती बंद असायची. एप्रिल २००६ मध्ये या स्विचमध्ये बदल मंजूर झाला. खुंटी सुमारे दीड मिलिमीटरने लांब झाली, स्प्रिंग कडक झाली. नव्या स्विचमधून किल्ली सहजी सरकेना. बदल अगदी योग्य होता. फक्त पार्ट नंबर जुनाच ठेवला गेला.

त्यापुढची काही वर्षं वाया गेली ती या एका नंबरामुळे. अपघातांचा तपास करणाऱ्या कंपनीच्याच इंजिनिअरांना दिसत होतं, की जुन्या मॉडेलांमध्ये एअरबॅग उघडत नाहीत आणि २००८ पासूनच्या मॉडेलांमध्ये हा त्रास नाही. मधे काय बदललं हे शोधायला त्यांनी नोंदी पाहिल्या. नंबर तोच होता, म्हणजे भागही तोच, हा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यात त्यांचा दोष म्हणता येत नाही, नंबर असतो तो त्यासाठीच. अखेर जॉर्जिया राज्यातल्या एका मृत्यूच्या खटल्यात फिर्यादीच्या बाजूने नेमलेल्या एका तज्ज्ञाने अपघातग्रस्त गाडीतला स्विच आणि बाजारातून विकत आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून, उघडून मोजले. नंबर एकच, खुंट्या वेगळ्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलवायला सुरुवात झाली. आकडा जगभरात सुमारे २६ लाखांपर्यंत गेला आणि नुकसानभरपाई निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. चांगला स्विच बसवून कारखान्यातून बाहेर पडलेल्या २००८ ते २०११ च्या गाड्याही परत बोलवाव्या लागल्या. एकाच नंबराखाली जुने-नवे स्विच स्पेअर म्हणून विकले गेले होते आणि दुरुस्तीच्या वेळी कुठल्या गाडीत कुठला गेला, हे सांगायला काही साधनच उरलं नव्हतं.

बदलाविषयी आपण सहसा एकच प्रश्न विचारतो: बदल चांगला आहे का? २००६ च्या बदलाने या प्रश्नाला शंभर टक्के ‘हो’ असं उत्तर दिलं असतं. तरी त्यानेच दोष झाकला गेला आणि माणसं त्या दोषाने मरत राहिली. म्हणून यंत्र, इमारत किंवा विमान घडत असताना होणाऱ्या बदलाला खरा प्रश्न दुसराच विचारायला हवा, असं मला ठामपणे वाटतं: जुन्या गोष्टीवर कोण कोण विसंबून आहे, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला नवी गोष्ट कळणार आहे का? बदल किती मोठा हे त्या भागाच्या मापावरून ठरत नाही. त्या मापावर ज्यांनी आपली गणितं बांधली, त्यांच्या संख्येवरून ते ठरतं.

वाहन उद्योगात या कामाची एक रीत बसलेली आहे. चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ‘ईसीएन’ हा शब्द रोज कानावर पडतो. ईसीएन म्हणजे इंजिनिअरिंग चेंज नोट. गाडी बनवणारी कंपनी एखाद्या ब्रॅकेटचं भोक दोन मिलिमीटरने सरकवते, तेव्हा ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली रिव्हिजन ‘बी’ची ‘सी’ होते. पण काम तेवढ्यावर संपत नाही. प्रेसचा डाय दुरुस्त करावा लागतो, वेल्डिंगचं फिक्स्चर हलवावं लागतं, इन्स्पेक्शनचं गेज नवं करावं लागतं, पहिले नमुने तपासून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. आधी बनून पडलेल्या मालाचं काय करायचं, कुठल्या चॅसिस नंबरपासून नवा भाग लावायचा, सर्व्हिस सेंटरला कोणता भाग पाठवायचा, हेही ठरवावं लागतं. नंबराचा नियम साधा आहे. जुना आणि नवा भाग एकमेकांच्या जागी निर्धास्त वापरता येत असतील, तर नंबर तोच ठेवून रिव्हिजन पुढे न्यायची. आकार, जोडणी किंवा काम यांत फरक पडत असेल, तर नंबर बदलायचा. इग्निशन स्विचच्या बाबतीत बाहेरचा आकार आणि जोडणी जुनीच राहिली होती, काम मात्र बदललं होतं. अशा ठिकाणीच नंबर न बदलण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण भाग जुन्या जागी बिनबोभाट बसतो.

बातमी न पोचल्याने चांगला बदल कसा घातक ठरतो, याचं सर्वांत तपशीलवार नोंदलेलं उदाहरण अपोलो-१३ चं आहे. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या या यानात, पृथ्वीपासून सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटरवर, ऑक्सिजनची दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली. तिघे अंतराळवीर कसे परतले ती कथा सर्वांना ठाऊक आहे. टाकी का फुटली, ही कथा मात्र उड्डाणाच्या पाच वर्षं आधी सुरू होते. टाकीत अतिशय थंड ऑक्सिजन भरलेला असे आणि दाब टिकवण्यासाठी आत हीटर होते. हीटर फार तापू नये म्हणून थर्मोस्टॅटचे स्विच होते, साधारण २७ अंश सेल्सिअसला उघडून वीज तोडणारे. यानाची वीज २८ व्होल्टची, म्हणून मुख्य कंत्राटदार नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनने टाकी बनवणाऱ्या बीच एअरक्राफ्टला १९६२ मध्ये स्पेसिफिकेशन दिलं ते २८ व्होल्टचं. १९६५ मध्ये त्यात बदल झाला. प्रक्षेपणतळावर टाकीचा दाब लवकर वाढावा म्हणून तिथली ६५ व्होल्टची वीज हीटरला द्यायची ठरलं. वेळ वाचवणारा, पटण्यासारखा बदल. सुधारित स्पेसिफिकेशन बीचकडे गेलंही. पण थर्मोस्टॅटचे स्विच २८ व्होल्टचेच राहिले. ही तफावत बीचच्या, नॉर्थ अमेरिकनच्या आणि नासाच्याही कागदपत्रांच्या तपासणीतून निसटली.

एवढी मोठी चूक आधीच्या उड्डाणांत का दिसली नाही? टाकी इतकी थंड असायची, की स्विच उघडायची वेळच येत नसे. ज्या स्विचला कधी काम करावं लागलं नाही, त्याची कमजोरी कुणाला कशी कळणार? अपोलो-१३ च्या टाकीवर ती वेळ आली. ही टाकी आधी अपोलो-१० साठी बसवली होती. १९६८ मध्ये ती काढताना सुमारे पाच सेंटिमीटरवरून आदळली आणि बहुधा त्यातच आतली भरणीची नळी सैल झाली. मार्च १९७० च्या सराव चाचणीत टाकी नेहमीच्या रीतीने रिकामी होईना. म्हणून हीटर चालू ठेवून ऑक्सिजन उकळून घालवायचं ठरलं आणि हीटर सुमारे आठ तास चालले. आतलं तापमान २७ अंशांवर गेलं तेव्हा स्विच उघडू लागले; पण ६५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची ठिणगी त्यांना झेपली नाही आणि त्यांचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटले. संरक्षणच गेलं. पॅनेलवरचा तापमापक तेवढ्याच अंशांच्या आसपास संपत होता, कारण त्यापुढे तापमान जाणारच नाही हे ज्याने त्याने गृहीत धरलं होतं. हीटरच्या नळीजवळ काही ठिकाणी तापमान ५०० अंशांवर गेलं असावं, असं चौकशी मंडळाला आढळलं. पंख्याच्या तारांवरचं टेफ्लॉनचं आवरण भाजून तडकलं. उड्डाणानंतर जवळजवळ ५६ तासांनी टाकी ढवळण्यासाठी पंखा चालू केला आणि त्या उघड्या तारांत ठिणगी पडली. तापमापक बनवणाऱ्याने, हीटर चालू ठेवायला सांगणाऱ्याने, पंख्याच्या तारा ओवणाऱ्याने ज्या एका स्विचवर भिस्त ठेवली होती, तो स्विच पाच वर्षांपूर्वीच्या बदलातून सुटलेला होता. यातला प्रत्येक माणूस आपल्यापुरता बरोबर वागत होता.

बांधकामातलं उदाहरण त्याहून थोडक्यात सांगता येतं, आणि ते जास्त अंगावर येतं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या पातळीवर दोन लटकते पूल होते, एकाखाली एक. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड सळया होत्या आणि दोन्ही पूल त्यांनाच अडकवलेले होते. अखंड सळईवर वरच्या पुलाचा नट चढवायचा तर तिला खालून तिथवर आटे पाडावे लागले असते, म्हणून पोलादकाम करणाऱ्यांनी एका सळईच्या दोन केल्या. पहिली छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. विहिरीत एकाच दोरावर दोघे लोंबकळत असतील तर प्रत्येकाच्या मुठीला स्वतःचंच वजन पेलायचं असतं; खालच्याने दोर सोडून वरच्याच्या कमरेला धरलं, की दोर तेवढाच ताणला जातो, पण वरच्याच्या मुठीवर दोघांचा भार येतो. इथे ती मूठ म्हणजे वरच्या पुलाच्या तुळईखालचा नट होता. मूळ आराखडाच शहराच्या बांधकाम नियमांना लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्क्यांचा होता. बदलाने ती ३० टक्क्यांवर आली. मंजुरी फोनवर घेतली होती, असं एका बाजूने सांगितलं. दुसऱ्या बाजूला तो फोन आठवत नव्हता. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरच्या कार्यालयाचा शिक्का मात्र होता. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी खाली नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. या बदलाने नटावरचा भार दुप्पट होतो, हे कागदावर दोन ओळींच्या गणिताने कळलं असतं. बदल ‘सोयीचा’ या सदरात गेल्यामुळे त्या दोन ओळी कुणी मांडल्याच नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेगाचा, आणि तो हलका नाही. प्रत्येक भोकासाठी अर्ज, प्रत्येक स्क्रूसाठी समितीची बैठक असं सुरू झालं, की नवं काही घडतच नाही. हुशार इंजिनिअर कंटाळतात, आणि वाईट म्हणजे लोक समितीला टाळून गुपचूप बदल करू लागतात. नियम जितका जाचक, तितक्या चोरवाटा जास्त, हे खरंच आहे. पण त्याचं उत्तर नियम काढून टाकण्यात नाही, तो कधी आणि कशाला लावायचा हे ठरवण्यात आहे. कल्पना कागदावर आणि संगणकावर असते तेव्हा दिवसातून दहा बदल व्हावेत. तेव्हा त्या मापावर कुणी डाय कापलेला नसतो, कुणी चाचणी घेतलेली नसते, म्हणून बदल स्वस्त असतो आणि कुणालाही धोका नसतो. डिझाइन गोठवल्यावर, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘फ्रीझ’ झाल्यावर, तोच बदल महाग होतो, कारण तोवर अनेकांनी त्याच्यावर आपलं काम उभं केलेलं असतं. चोख बदल-व्यवस्था असलेली कंपनी बदल कमी करते असं नाही. ती ते लवकर करते. फ्रीझनंतरही सगळ्या बदलांना एकच चाळणी नको. लेबलाचा रंग बदलायला एका सहीने काम भागावं. सुरक्षेशी, भाराशी, विजेशी किंवा कायद्याच्या चाचणीशी संबंध असेल तिथे मात्र फोनवरची मंजुरी कधीही चालू नये. आणि घाई खरीच असेल, पुरवठा थांबला असेल, तर ‘डेव्हिएशन’ घ्यावं, म्हणजे ठराविक नगांपुरती किंवा तारखेपुरती लेखी सवलत. ती संपली की आपोआप रद्द व्हायला हवी. डेव्हिएशनवर डेव्हिएशन घेत वर्षभर माल पाठवला जातो, तेव्हा ड्रॉइंग एक सांगत असतं आणि गाडीत दुसरंच बसत असतं.

दुसरा आक्षेप माणसांचा आहे. ही सगळी बेजबाबदारीची उदाहरणं आहेत, व्यवस्थेचा इथे काय संबंध, असं विचारलं जातं. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये १५ जणांना कामावरून काढलं. हयातच्या जबाबदार इंजिनिअरांचे मिझुरी राज्यातले परवाने गेले. जबाबदारी निश्चित व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण अपोलो-१३ च्या चौकशीत एका माणसाकडे बोट दाखवण्यासारखं काही निघालं नाही. तीन नावाजलेल्या संस्थांच्या तपासण्यांतून एक ओळ सुटली, एवढंच. माणसं बदली होऊन जातात, निवृत्त होतात, विसरतात. सहा वर्षांनी कुणाला तरी आठवेल, या भरवशावर सोडलेला बदल प्रामाणिक माणसांच्या हातूनही हरवतो. इग्निशन स्विचच्या बदलाचा मंजुरीचा कागद तर अस्तित्वात होता. शोधणाऱ्याला तो सापडण्याचा रस्ता नंबरातून जात होता, आणि तो रस्ता बंद होता.

तिसरं म्हणणं असं, की आता हे सगळं संगणकात असतं. कोणता भाग कुठे कुठे वापरलाय हे एका क्लिकवर दिसतं. याचा उपयोग मोठा आहे आणि छोट्या पुरवठादारांनाही तो मिळायला हवा. पण संगणकाला तेवढंच कळतं जेवढं त्याला सांगितलेलं असतं. एअरबस ए-३८० च्या वेळी हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथले गट एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत होते. विमानाचे तुकडे तुलूझला जोडायला आले तेव्हा तारांचे जुडगे जागेवर पुरेनात, आणि २००६ मध्ये विमानं ग्राहकांना देण्याचं वेळापत्रक साधारण दोन वर्षांनी मागे गेलं. बोइंग ७३७ मॅक्सचं प्रकरण याहून गंभीर आहे. विमानाचं नाक आपोआप खाली करणारी ‘एमकॅस’ ही प्रणाली आधी फक्त वेगवान उड्डाणातल्या क्वचित प्रसंगासाठी होती. मागचा आडवा पंख ती एका वेळी जास्तीत जास्त ०.६ अंश हलवू शकत असे आणि त्यासाठी दोन वेगळ्या प्रकारचे संकेत जुळावे लागत. २०१६ मध्ये ती कमी वेगातही वापरायचं ठरलं, मर्यादा २.५ अंशांवर गेली आणि सुरू होण्यासाठी एकाच संवेदकाचा संकेत पुरेसा झाला. नाव तेच, प्रणाली तीच. आधी तपासलेल्या गोष्टीचाच विस्तार म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं, आणि अमेरिकेच्या विमान नियामकाच्या काही महत्त्वाच्या तज्ज्ञांपर्यंत हा बदल नीट पोचला नाही. वैमानिकांच्या पुस्तिकेत तर एमकॅसचं वर्णनही नव्हतं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये इंडोनेशिया आणि इथिओपियात दोन विमानं पडली आणि ३४६ जण मरण पावले. इग्निशन स्विचचा नंबर तोच राहिला होता, इथे नाव तेच राहिलं. गफलत जातीने एकच आहे.

म्हणून नोंदीत काय बदललं याइतकंच का बदललं आणि जुनं तसं का होतं, हेही असायला हवं. बहुतेक कारखान्यांच्या चेंज नोटमध्ये कारणाच्या रकान्यात ‘सुधारणा’ किंवा ‘ग्राहकाची मागणी’ असे दोन शब्द असतात. ते पुरेसे नाहीत. हयातच्या ड्रॉइंगवर ‘आटे पाडायला अवघड, म्हणून सळई दोन भागांत’ एवढं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याला निदान विचारता आलं असतं, की भार कुठून कुठे जातो. बीचच्या कागदावर ‘स्विच २८ व्होल्टचा, कारण यानाची वीज २८ व्होल्टची’ असं असतं, तर ६५ हा आकडा आल्याबरोबर ते वाक्य खोटं पडलेलं दिसलं असतं. कारण लिहिलेलं असलं, की ते कधी लागू पडेनासं झालं हे कळतं. नुसतं माप काहीच सांगत नाही. हे लिहायला फार वेळ लागत नाही, पण ते बदल करणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि त्याच दिवशी लिहावं लागतं.

आता गाड्यांमधले बदल फोनवरच्या अपडेटसारखे रात्रीत, घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत उतरतात. ब्रेकचं वागणं, बॅटरीचं चार्जिंग, स्टीअरिंगची मदत, सगळं पाना-स्क्रूड्रायव्हरशिवाय बदलता येतं. दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्या वेगळ्या वागू शकतात आणि बाहेरून मोजायला खुंटीसुद्धा नसते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांमध्ये २०२१ पासून लागू झालेला १५६ क्रमांकाचा नियम याच प्रश्नाला हात घालतो. सरकारी मंजुरीशी संबंधित सॉफ्टवेअरला ओळख-क्रमांक हवा, मंजुरीवर परिणाम करणारा बदल झाला की तो क्रमांक बदलला पाहिजे, तो गाडीतून वाचता आला पाहिजे, आणि कोणत्या गाडीत कोणती आवृत्ती आहे याची नोंद कंपनीने ठेवली पाहिजे, असं तो सांगतो. पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्या युरोपात गाड्या आणि सुटे भाग पाठवतात, त्यांच्या सॉफ्टवेअर विभागांना ही शिस्त अंगी बाणवावीच लागेल. शेजारच्या शेडमध्ये प्रेसवर ब्रॅकेट कापणाऱ्या माणसाला ती नवी वाटणार नाही; ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं अक्षर पाहिल्याशिवाय तो डायला हात लावत नाही.